शॉकमधला रुग्ण : घरी, गाडीत आणि आयसीयूच्या दाराशी

रक्ताभिसरण इतके ढासळते की मेंदू, मूत्रपिंडे, यकृत आणि खुद्द हृदय यांना लागणारा प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, त्या अवस्थेला वैद्यकात शॉक म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही. डेंगी, जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका, अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, सर्पदंश, इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन अशा अनेक वाटांनी रुग्ण तिथे पोहोचतो. एकदा पोहोचला की दर तासाला एखादा अवयव निकामी होण्याचा धोका वाढत जातो.

नागपूरच्या दक्षिण टोकाला हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा, बेसा या भागात वस्ती झपाट्याने वाढली आहे. लहान दवाखाने जवळ आहेत, पण मोठी रुग्णालये रिंग रोडच्या पलीकडे. त्यामुळे इथल्या कुटुंबांना पहिला निर्णय बहुधा स्वतःच घ्यावा लागतो आणि गोंधळ त्याच त्या तीन प्रश्नांवर होतो. बीपी मशीन तर ११० दाखवते, मग रुग्ण सीरियस कसा? जवळच दोन सलाईन लावून भागणार नाही का? आयसीयूतले डॉक्टर ‘सपोर्टवर आहे’ म्हणतात, म्हणजे काय? या तिन्ही गोंधळांचे मूळ एकच आहे: सगळ्यांचे लक्ष रक्तदाबाच्या आकड्यावर असते. रक्त अवयवांपर्यंत पोहोचते की नाही, हे मात्र त्वचा, लघवी आणि शुद्ध आधी सांगतात. आकडा मागाहून पडतो.

घरी ओळखायचे कसे

रक्त कमी पडू लागले की शरीर आधी हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाची गती वाढवते. या धडपडीमुळे दाब बराच वेळ टिकून राहतो. धडधाकट तरुणाच्या शरीरातले जवळजवळ एक तृतीयांश रक्त वाहून गेले तरी वरचा आकडा शंभराच्या आसपास दिसू शकतो. म्हणून मशीन हाती घेण्याआधी रुग्णाकडे पाहा.

- हातपाय : थंड, घामट, फिकट पडले आहेत का? सावळ्या रंगावर फिकटपणा चटकन कळत नाही. जीभ, तळहात आणि खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.
- नख : रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीला धरून बोटाचे नख ५ सेकंद दाबा आणि सोडा. पांढरे पडलेले नख ३ सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. त्याहून वेळ लागला तर ते गंभीर समजा.
- गुडघे : गुडघ्यांच्या वाटीभोवती जांभळट जाळीदार डाग दिसतात का, ते पाहा. हे डाग मांडीकडे पसरत असतील तर परिस्थिती बिघडत आहे.
- लघवी : ६ ते ८ तासांत झाली नसेल, किंवा अगदी थोडी आणि गडद झाली असेल तर ती नोंद डॉक्टरांना सांगा.
- शुद्ध : रुग्ण चिडचिडा, बेचैन, असंबद्ध बोलणारा किंवा विचित्र शांत झाला आहे का? ‘थकून झोपला आहे’ असे समजून त्याला तसेच सोडू नका. हाक मारून नाव, दिवस, ठिकाण विचारा.
- श्वास आणि नाडी : श्वास जोरात, भरभर चालू आहे का? नाडीचे ठोके बीपीच्या वरच्या आकड्याच्या बरोबरीला किंवा पुढे गेले आहेत का? नाडी १२० आणि वरचे बीपी १०० असेल, तर १०० हा आकडा ‘नॉर्मल’ धरता येत नाही.

घरचे डिजिटल बीपी मशीन पुन्हा पुन्हा ‘एरर’ दाखवू लागले की मशीन बिघडले असे वाटते आणि शेजारचे मशीन आणण्यात दहा मिनिटे जातात. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आकडाच पकडत नाही, तेव्हाही तसेच होते. बोट थंड आणि नाडी क्षीण असेल तर ही यंत्रे चाचपडतात. आकडा न येणे हीच अशा वेळी धोक्याची खूण समजा आणि निघा.

काही रुग्ण या खुणांना चकवा देतात. मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांची नाडी वाढतच नाही. ज्यांचे बीपी एरवी १६० असते, त्यांच्यासाठी १०५ हा आकडा कमी आहे. जंतुसंसर्गाच्या आणि अ‍ॅलर्जीच्या शॉकमध्ये सुरुवातीला हातपाय थंड न पडता गरम आणि लालसर असू शकतात.

कारण कोणते, यावर उपचार ठरतो

डॉक्टर शॉकचे चार गट करतात. रक्त किंवा पाणी शरीराबाहेर गेले असेल (रक्तस्राव, जुलाब, भाजणे) तर ते भरून काढावे लागते. हृदयाची ताकद गेली असेल (झटका, हृदयाच्या स्नायूचा दाह) तर तेच भरलेले पाणी फुप्फुसात साचते. रक्तवाहिन्या सैल पडल्या असतील (जंतुसंसर्ग, अ‍ॅलर्जी, मणक्याची इजा) तर त्या आवळणारे औषध लागते. कुठे तरी अडथळा असेल, म्हणजे हृदयाभोवती पाणी, छातीत दाबाखाली कोंडलेली हवा किंवा फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी, तर तो काढेपर्यंत बाकीचे उपाय तात्पुरतेच. एकाच रुग्णात दोन प्रकार एकत्र असणे नेहमीचे आहे. म्हणूनच ‘बीपी लो आहे, सलाईन लावा’ हे वाक्य धोक्याचे आहे.

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण विंचूदंशाचे आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात काम करत असताना लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते. घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय आणि शेवटी फेसाळ गुलाबी खाकरा, असा क्रम असे. विषामुळे रक्तवाहिन्या टोकाच्या आवळल्या जातात आणि हृदय त्या ताणापुढे हरते, हे रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणांतून त्यांनी दाखवून दिले. अशा रुग्णाला भरमसाट सलाईन देणे म्हणजे फुप्फुसात पाणी भरणे. त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अनुभव मांडला. पूर्वी सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये त्यांनी प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, हेही प्रसिद्ध केले. दाब वाढवायचा म्हणून रक्तवाहिन्या आणखी आवळल्या असत्या, तर हे रुग्ण वाचले नसते.

नागपूर भागात ऋतूप्रमाणे संशय ठेवा.

डेंगी. ताप उतरतो तेव्हा घरात सगळे निश्चिंत होतात, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप कमी होताना रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, हातपाय थंड पडणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. बीपीचे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे पाहा. १००/८५ यात वरचा आकडा ठीक दिसतो, पण दोहोंतले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले की डेंगीत तो शॉकच मानतात. प्लेटलेट किती, एवढेच विचारत बसू नका; हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) चढत आहे का, हेही विचारा. डॉक्टर त्यावरून आणि लघवीवरून सलाईनचा वेग ठरवतात. गळती थांबल्यावर तोच वेग चालू राहिला तर पाणी छातीत साचते.

स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात याची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून हा आजार होतो. काख, जांघ, छातीखाली, कमरेच्या पट्ट्याजवळ सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधा. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स इथे चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिनसारखे योग्य औषध वेळेत सुरू व्हावे लागते. नव्या लेआउटमधले मोकळे प्लॉट, गवत, शेत यांच्याशी संबंध आला असेल तर न विचारताही सांगा.

उन्हाळा. उष्माघातात शरीर तापलेले, शुद्ध हरपलेली आणि रक्तदाब घसरलेला असतो. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शरीर थंड करणे हाच इथला पहिला उपचार आहे आणि तो दारातच सुरू होतो.

स्टेरॉइड. सांधेदुखी किंवा दम्यासाठी वर्षानुवर्षे गोळ्या किंवा नाव नसलेल्या पुड्या घेणाऱ्यांनी त्या अचानक बंद केल्या, की साध्या तापातही बीपी कोसळू शकते. अशा रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोनची गरज असते. पुडीत काय आहे हे ठाऊक नसेल तर पुडीच सोबत न्या.

पहिल्या तासात काय करा

१. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. गाडीत डॉक्टर असतो. नव्या लेआउटमध्ये प्लॉट नंबरवरून घर सापडत नाही. लेआउटचे नाव, जवळचे मंदिर किंवा शाळा आणि कोणत्या मुख्य रस्त्यावरून वळायचे ते सांगा, आणि एकाला त्या वळणावर उभे करा. गाडीला वेळ लागणार असे कळले तर उपलब्ध वाहनाने निघा.

२. रुग्णाला आडवे करा. अंगावर पांघरूण घाला (उष्माघात सोडून). श्वास लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर झोपवू नका, टेकून बसवा. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर वळवा. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या रुग्णाला कुशीवर ठेवा.

३. वाहते रक्त थेट दाबून थांबवा. स्वच्छ कापड ठेवून हाताने जोरात दाबा आणि सारखे उचलून पाहू नका. जखमेत घुसलेली वस्तू उपसू नका.

४. वेळा लिहा. त्रास कधी सुरू झाला, शेवटची लघवी कधी, शेवटचे खाणे कधी, कोणते इंजेक्शन किंवा गोळी कधी दिली. सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका.

५. जुलाब-उलट्यांत शुद्ध चांगली असेल तर ओआरएस घोटघोट चालू ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गुंगी आल्यावर मात्र तोंडाने काही देऊ नका.

हमखास होणाऱ्या चुका

जवळच्या दवाखान्यात सलाईन लावायला हरकत नाही. रक्तस्राव, जुलाब, डेंगी यांत ते उपयोगीच असते. चूक होते ती बाटली संपेपर्यंत तिथे थांबण्यात. सलाईन चालू असतानाच गाडी निघाली पाहिजे. बीपी ८० वरून ९५ झाले म्हणून घरी परतणे ही त्याहून मोठी चूक, कारण पाणी संपल्यावर आकडा परत खाली येतो आणि मधले दोन-तीन तास हातचे गेलेले असतात.

छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याची सवय घराघरांत आहे. आधीच बीपी कमी असेल, हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका असेल किंवा रुग्णाने सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल, तर ही गोळी दाब पाडते. घाम फुटलेल्या, थंड पडलेल्या रुग्णाला ती देऊ नका, ईसीजी आधी.

इंजेक्शन, गांधीलमाशी, शेंगदाणे किंवा एखादे औषध यांनंतर अंगावर गांध्या, ओठ सुजणे, आवाज बसणे, दम आणि चक्कर असे एकत्र आले तर एव्हिल-डेक्सा पुरेसे नाही. अशा वेळी जीव वाचवणारे औषध अ‍ॅड्रेनलिन आहे. प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम. फरक न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. हे काम डॉक्टर किंवा नर्सचे, पण ‘अ‍ॅड्रेनलिन दिले का?’ हा प्रश्न नातेवाइकाने जरूर विचारावा. बरे वाटले तरी रुग्णाला अचानक उठवून बसवू नका आणि काही तास देखरेखीत ठेवा. लक्षणे उलटून येऊ शकतात.

तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून देऊ नका. डेंगीत रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल ठीक. साप चावल्यावर दोरी आवळून बांधणे, चिरा मारणे, झाडपाला लावणे यांत हात-पाय आणि वेळ दोन्ही जातात. चावलेला भाग हलवू न देता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्या.

कुठे न्यायचे

अपघात, सर्पदंश, गंभीर जंतुसंसर्ग यांसाठी हुडकेश्वरहून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच ‘मेडिकल’, हे मोठे सरकारी ठिकाण सोयीचे. तिथे स्वतंत्र ट्रॉमा केअर सेंटर आहे आणि हृदयरोगासाठी जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालयही. मेयो रुग्णालय रेल्वे स्थानकाकडे, एम्स मिहानमध्ये. बेसा-पिपळ्याकडून वर्धा रोडने एम्स गाठणे कधी कधी सोपे पडते.

खासगी रुग्णालय निवडताना नावापेक्षा चार गोष्टी फोनवर विचारा: आयसीयूत आत्ता खाट आहे का, रात्री पूर्णवेळ डॉक्टर असतो का, रक्तपेढीची सोय आहे का, आणि (झटक्याचा संशय असेल तर) हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडण्याची कॅथलॅब चालू आहे का. झटक्यातून आलेल्या शॉकमध्ये बंद रक्तवाहिनी लवकर उघडणे हाच जीव वाचवणारा उपाय आहे. कॅथलॅब नसलेल्या ठिकाणी भरती होऊन नंतर हलवण्यात तो वेळ वाया जातो.

एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवताना श्वासमार्ग, शिरेतली सुई, ऑक्सिजन आणि सपोर्टचे औषध यांची व्यवस्था झालेली असावी. रेफरल चिठ्ठीत काय दिले, किती दिले, किती वाजता दिले हे लिहून घ्या आणि समोरच्या रुग्णालयाने खाट राखली आहे याची खात्री करूनच निघा.

आयसीयूत काय चालते

पहिल्या तासात बरीच कामे एकदम होतात: रक्ताचे नमुने, ईसीजी, छातीचा एक्स-रे, हृदयाची एको, लघवीची नळी, ऑक्सिजन. जंतुसंसर्गाचा शॉक असेल तर कल्चरचे रक्त काढून एका तासाच्या आत अँटिबायोटिक जायला हवे. जगभरातले तज्ज्ञ यावर ठाम आहेत, आणि नातेवाइकांनी हिशेब मागावा अशी हीच वेळ आहे. सोबत पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे ३० मिली सलाईन हे साधारण प्रमाण धरले जाते. ६० किलोच्या माणसाला १८०० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्यांहून थोडे अधिक. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर थोडे थोडे देऊन, दर वेळी छाती ऐकून पुढे जातात. ‘याला कमी सलाईन का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तेच असते.

एवढ्याने दाब टिकला नाही तर सिरिंज पंप लागतो. त्यात बहुधा नॉरअ‍ॅड्रेनलिन असते. यालाच ‘सपोर्ट’ म्हणतात. मॉनिटरवर त्यानंतर दिसणारे ११०/७० हे औषधाच्या जोरावरचे, उसने आहे. पंप थांबवला तर ते काही मिनिटांत कोसळेल. आकडा चांगला आणि रुग्ण तरी सीरियस, असे डॉक्टर सांगतात ते यामुळे. विचारायचे ते बीपी किती, हे नव्हे. सपोर्ट किती, हे.

इथेही एक खाचखळगा आहे. पंपावर ‘मिली दर तास’ असा आकडा दिसतो आणि काचेतून नातेवाईक तोच लिहून घेतात. समजा ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध आहे आणि वेग ५ आहे. म्हणजे तासाला ४०० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी पंपावर ३ दिसले म्हणून घरात आनंद होतो, पण नर्सने नवी सिरिंज ८ मिलिग्रॅमची भरलेली असेल तर आता तासाला ४८० मायक्रोग्रॅम जात आहेत. सपोर्ट वाढला आहे. म्हणून डोस ‘मायक्रोग्रॅम, किलोमागे, मिनिटाला’ असा विचारा. वरच्या उदाहरणात ६० किलोच्या रुग्णाला तो पहिल्या दिवशी सुमारे ०.११ आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ०.१३ येतो. हा आकडा उतरत जाणे ही चांगली बातमी. ०.२५ च्या पुढे जाऊन काही तास तिथेच राहिला तर डॉक्टर व्हॅसोप्रेसिन किंवा हायड्रोकॉर्टिसोन जोडतात.

हे औषध सुरुवातीला हाताच्या शिरेतून देता येते. तिथे जळजळ, सूज किंवा पांढरेपणा आला तर लगेच नर्सला सांगा. औषध शिरेबाहेर गेले तर त्वचा मरते. डोस वाढल्यास मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकावी लागते आणि मनगटातल्या रोहिणीत एक बारीक नळी, जिच्यावर क्षणाक्षणाचा दाब दिसतो. दोन्हींची संमती वेगळी मागितली जाते.

मॉनिटरवर कंसात दिसणारा तिसरा आकडा म्हणजे सरासरी दाब. वरच्या आकड्यात खालच्याची दुप्पट मिळवून तीनने भागले की तो साधारण मिळतो: ९०/५० चा ६३, ११०/६० चा ७७. बहुतेक रुग्णांत तो ६५ च्या वर ठेवण्याचा प्रयत्न असतो. पण ६५ गाठला म्हणजे काम झाले असे नव्हे. पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी तासातासाला मोजली जाते आणि किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ३० मिली लघवी अपेक्षित असते. रक्तातले लॅक्टेट २ च्या वर असेल तर पेशींची उपासमार चालू असण्याचा संभव असतो. ते पुन्हा पुन्हा तपासून खाली येते का, हे पाहिले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत बोट दाबून रंग परतण्याचा वेळ पाहत केलेला उपचार लॅक्टेट पाहत केलेल्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. यंत्रे कमी असलेल्या रुग्णालयातही चांगली देखरेख होऊ शकते, ती याच जोरावर. तासातासाला नख दाबून पाहणारी नर्स तिथे हवी.

औषधे कितीही चालू असली तरी पोटात फुटलेले आतडे, पित्ताशयातला पू, मूतखड्यामागे कोंडलेली लघवी, सडलेला पाय हे मूळ काढल्याशिवाय शॉक मागे फिरत नाही. ‘इतक्या सीरियस अवस्थेत ऑपरेशन कसे?’ म्हणून दोन दिवस मागून घेणारी कुटुंबे नकळत रुग्णाचे नुकसान करतात. अशा वेळी उशीर हाच मोठा धोका असतो.

डॉक्टर भेटतील तेव्हा रोज एवढे विचारा आणि एका वहीत तारखेसह लिहा:

- शॉकचे कारण काय ठरले? मूळ काढले का?
- सपोर्टचा डोस काल किती, आज किती?
- चोवीस तासांत लघवी किती? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किती?
- लॅक्टेट उतरते आहे का?
- व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागले तर ते कशासाठी आणि कधी पुन्हा विचार होईल?

एकाच नातेवाइकाने बोलावे. पाच जणांनी पाच वेळा विचारले की पाच वेगळी उत्तरे घरी पोहोचतात.

मुले, गरोदर स्त्रिया, बाळंतिणी

मुलांचे बीपी अगदी शेवटी पडते. खेळणे बंद, दूध न ओढणे, सुकलेले डोळे, थंड पावले, लघवीचे कपडे कोरडे राहणे यावरच निर्णय घ्या. विदर्भात सिकलसेल असलेली अनेक मुले आहेत. अशा मुलाची प्लीहा अचानक रक्त साठवून फुगते. मूल काही तासांत पांढरेफटक पडते आणि डावीकडे बरगडीखाली गोळा लागतो. सिकलसेलच्या मुलाच्या आईवडिलांनी प्लीहा चाचपायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. गोळा नेहमीपेक्षा मोठा लागला तर थेट रुग्णालयात.

बाळंतपणानंतर ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त जाणे हा धोका आहे, आणि ते अंथरुणात मुरते म्हणून कमी वाटते. पॅड भराभर भिजणे, चक्कर, तहान, छातीत धडधड अशी तक्रार ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा फायदा रक्तस्राव सुरू झाल्यापासून पहिल्या तीन तासांतच मिळतो. बाळंतीण घरी आल्यावरही रक्त वाढले तर पुन्हा १०८.

पैसा, संमती, हक्क

अत्यवस्थ रुग्णाला आधी वाचवणे हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. पोलीस केस आहे म्हणून प्राथमिक उपचार अडवता येत नाहीत. अपघातग्रस्ताला आणून सोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३४-अ खाली, संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची २०२५ ची योजना सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देते. नियुक्त रुग्णालयात गेल्यावर ती मागा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच. दाखल होताच तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, हेल्पलाइन १५५३८८. रेशनकार्ड आणि ओळखपत्राचे फोटो मोबाइलमध्ये आधीच ठेवलेले असले तर रात्रीची धावपळ वाचते. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, आणि तातडीच्या रुग्णाला स्थिर करेपर्यंतचा उपचार त्यांनी द्यायचा असतो.

जीव धोक्यात असताना सही करणारे कोणी नसेल तर डॉक्टर संमतीशिवाय जीवरक्षक उपचार करू शकतात. बाकी वेळी कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कशासाठी, धोका काय, पर्याय काय, हे मराठीत समजावून घ्या. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यासाठी रुग्णाला हलवावे लागत नाही, कागद नेले तरी चालतात. ‘आपल्या जबाबदारीवर’ रुग्णाला नेण्याआधी सपोर्टचा डोस विचारा. सपोर्ट चालू असताना साध्या गाडीतून नेणे म्हणजे वाटेत उपचार थांबवणे.

आयसीयूतून बाहेर आल्यावर

सपोर्ट सुटल्यावरही काही दिवस रुग्ण रात्री घाबरतो, माणसे ओळखत नाही, नळ्या ओढतो. हे वेड नव्हे. गंभीर आजारातला तात्पुरता भ्रम आहे. चष्मा, श्रवणयंत्र द्या, घड्याळ आणि दिवस सांगत राहा. स्नायू झिजलेले असतात, म्हणून फिजिओथेरपी आणि प्रथिनयुक्त आहार डिस्चार्जच्या दिवसापासूनच सुरू करा.

डिस्चार्ज कार्डवर एक गोष्ट लिहून मागा: आधीच्या बीपीच्या, शुगरच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांपैकी कोणती बंद आहे आणि ती कधी, कोणाला विचारून पुन्हा सुरू करायची. जुन्या डब्यातल्या गोळ्या घरी येताच सवयीने दिल्या जातात आणि नुकतेच सावरलेले बीपी पुन्हा पडते. क्रिएटिनिनची तपासणी साधारण आठवड्याने करा आणि त्या भेटीला वही सोबत न्या. दरम्यान ताप, लघवी कमी होणे किंवा बोलण्यात घोळ यांपैकी काही दिसले तर तारखेची वाट पाहू नका.